शेवटच्या कामाच्या दिवसानंतरचा विमा

प्रति,
मा. अध्यक्ष,
भारतीय विमा नियामक आणि विकास प्राधिकरण,
हैदराबाद

विषय : नोकरी सुटलेल्या आणि आधीपासून आजार असलेल्या व्यक्तीला वैयक्तिक आरोग्य विमा मिळण्याबाबत

नोकरदाराचा ग्रुप मेडिक्लेम हा त्याचा स्वतःचा विमा नसतो. करार मालक आणि विमा कंपनी यांच्यात होतो, मास्टर पॉलिसी मालकाच्या नावावर असते आणि कर्मचारी हा त्या पॉलिसीला जोडलेल्या यादीतला एक सदस्य असतो. यादीत नाव आहे तोवर हे संरक्षण चांगलेच उदार असते. मधुमेह असो, रक्तदाब असो, हृदयात स्टेंट बसवलेला असो, बहुतेक मोठ्या आस्थापनांच्या ग्रुप पॉलिसीत पहिल्या दिवसापासून क्लेम मिळतो. वैद्यकीय तपासणी होत नाही, आजारांची जंत्री भरून द्यावी लागत नाही. मात्र राजीनामा दिला, कपातीत नाव आले किंवा निवृत्तीचे वय झाले, की एचआर विभाग यादीतून नाव कमी करतो आणि बहुतेक ठिकाणी शेवटच्या कामाच्या दिवशीच संरक्षण संपते. पती किंवा पत्नी, मुले, आणि पॉलिसीत घेतले असतील तर सत्तरीतले आईवडील, सगळेच त्या दिवशी विम्याबाहेर पडतात. ग्रॅच्युइटी हिशेबात मिळते, पीएफ खात्यात राहतो. विम्याचे मात्र मागे काहीच उरत नाही.

धडधाकट तिशीतल्या माणसाला याचे फारसे काही वाटत नाही. तो आठवडाभरात ऑनलाइन पॉलिसी घेतो. खरा प्रश्न पंचेचाळिशी-पन्नाशीतल्या, रोज शुगरच्या आणि बीपीच्या गोळ्या घेणाऱ्या, एखादी अँजिओप्लास्टी झालेल्या माणसाचा आहे. हिंजवडीच्या आयटी कंपनीतून बाहेर पडलेला असो की चाकणच्या कारखान्यातून, तो बाजारात जातो तेव्हा त्याची ओळख एकच उरते : आधीपासून आजार असलेला अर्जदार. त्याची अडवणूक होते ती बहुतांशी प्राधिकरणाच्या नियमांमधल्या एका फटीमुळे, आणि ती फट बुजवण्याचा अधिकारही प्राधिकरणाकडेच आहे.

‘आधीपासूनचा आजार’ कशाला म्हणायचे हे आता बरेच स्पष्ट झाले आहे. १ एप्रिल २०२४ पासून लागू झालेल्या विनियमांनुसार, पॉलिसी सुरू होण्याच्या आधीच्या ३६ महिन्यांत डॉक्टरांनी ज्याचे निदान केले किंवा ज्यासाठी उपचार घेतले अथवा सुचवले गेले, तो आजार या व्याख्येत बसतो. अशा आजारासाठी कंपनी जास्तीत जास्त ३६ महिन्यांचा वेटिंग पीरियड लावू शकते. पूर्वी ही मर्यादा ४८ महिन्यांची होती. मोतीबिंदू, हर्निया, गुडघ्याचे प्रत्यारोपण अशा ठरावीक उपचारांसाठी वेगळा वेटिंग पीरियड असतो आणि तो आधी आजार नसलेल्यालाही लागतो. पॉलिसीचे पहिले ३० दिवस अपघात सोडून कोणताच क्लेम मिळत नाही. सलग ६० महिने पॉलिसी चालू राहिली, की माहिती लपवली किंवा चुकीची दिली या कारणाने कंपनीला क्लेम नाकारता येत नाही, सिद्ध झालेल्या फसवणुकीचा अपवाद सोडून. हा काळ आधी आठ वर्षांचा होता. वयाची ६५ वर्षांची प्रवेशमर्यादाही त्याच वेळी गेली. या सुधारणा चांगल्या आहेत, आणि ‘आधीपासूनचा आजार’ या दोन शब्दांवर क्लेम फेटाळले जाण्याची जुनी सवय त्यांनी काही प्रमाणात मोडली, हेही मान्य केले पाहिजे.

पण यातल्या बहुतेक सुधारणा ज्याच्या हातात पॉलिसी आहे त्याच्या उपयोगाच्या आहेत. पॉलिसी हातात पडण्यापूर्वीच ज्याला दारातून परत पाठवले जाते, त्याच्यासाठी नियमांत फार थोडे आहे.

नोकरी सोडणाऱ्यासाठी दोन वाटा सांगितल्या जातात. एक मायग्रेशनची : ज्या कंपनीची ग्रुप पॉलिसी होती तिच्याच वैयक्तिक किंवा फॅमिली फ्लोटर पॉलिसीत जाणे. दुसरी पोर्टेबिलिटीची : आधी त्याच कंपनीत वैयक्तिक पॉलिसी घ्यायची आणि पुढच्या नूतनीकरणाला हवी ती कंपनी गाठायची. भारतात आरोग्य विम्याची पोर्टेबिलिटी ऑक्टोबर २०११ मध्ये सुरू झाली आणि ग्रुपमधून बाहेर पडणाऱ्याला त्याच कंपनीत वैयक्तिक पॉलिसीचा हक्क असल्याचे तेव्हापासून सांगितले जाते. दोन्ही वाटांचे आकर्षण एकच आहे, आधी झालेल्या वर्षांचा हिशेब. ग्रुपमध्ये सलग तीन वर्षे काढलेली असतील तर ३६ महिन्यांचा वेटिंग पीरियड भोगून झाला असे धरले जाते. ६० महिन्यांच्या मुदतीतही मायग्रेशनने आणलेली वर्षे मोजली जातात.

हा हिशेब आधीच्या विमा रकमेपुरताच चालतो. समजा, कारखान्याच्या ग्रुप पॉलिसीत ३ लाखांचे संरक्षण होते आणि पाच वर्षे ते सलग चालले. आता त्या व्यक्तीने १० लाखांची वैयक्तिक पॉलिसी घेतली. मधुमेहातून उद्भवलेल्या किडनीच्या तक्रारीसाठी दुसऱ्याच महिन्यात दाखल व्हावे लागले, तर ३ लाखांपर्यंत क्लेम मिळू शकतो. वरच्या ७ लाखांसाठी ३६ महिने नव्याने थांबावे लागते. पुण्या-मुंबईच्या मोठ्या रुग्णालयात ३ लाख रुपये किती दिवस पुरतात हे सांगायला नको.

फट आहे ती यापुढे. १ जानेवारी २०२० पासून लागू झालेल्या मार्गदर्शक सूचनांत वैयक्तिक पॉलिसीधारकाचे मायग्रेशन आणि ग्रुप सदस्याचे मायग्रेशन यांत फरक केला आहे. वैयक्तिक पॉलिसीधारक अनेक वर्षे सलग विम्यात असेल तर त्याला नव्या तपासणीपासून सवलत मिळते. ग्रुपमधून वैयक्तिक पॉलिसीत येणे मात्र अंडररायटिंगच्या अधीन ठेवले आहे. याचा व्यवहारातला अर्थ असा, की कंपनी अर्जदाराची जोखीम नव्याने तपासणार आणि तिच्या संचालक मंडळाने मंजूर केलेल्या धोरणात तो बसला नाही तर त्याला नाकारणार. एका हाताने दिलेला हक्क दुसऱ्या हाताने काढून घेतला गेला. निरोग्याला हा हक्क नसला तरी चालते, कारण त्याला कोणतीही कंपनी घेते. ज्या आजारी माणसासाठी हा हक्क होता, त्यालाच तो नाकारण्याची मुभा कंपनीला राहिली.

वेळेची गोष्टही तशीच. २०२० च्या सूचनांची सगळी रचना नूतनीकरणाच्या तारखेभोवती आहे : मायग्रेशनसाठी तिच्या ३० दिवस आधी अर्ज, पोर्टिंगसाठी ४५ दिवस आधी. ग्रुप पॉलिसीच्या नूतनीकरणाची तारीख मालकाची असते, कर्मचाऱ्याला ती बहुधा माहीतही नसते. त्याचे संरक्षण पॉलिसी वर्षाच्या मध्येच, अमुक महिन्याच्या अमुक तारखेला संपते. नोटीस पीरियड असला तर निदान काही आठवडे हातात असतात. सकाळी बैठकीला बोलावून दुपारी लॅपटॉप काढून घेतलेल्या माणसाकडे तेही नसतात.

त्यातून कागदांचा प्रश्न. कर्मचाऱ्याकडे असते ते टीपीएचे, म्हणजे कंपनीच्या वतीने क्लेम हाताळणाऱ्या संस्थेचे, ई-कार्ड, आणि तेही बहुधा मोबाइलच्या ॲपवर. नोकरी सुटली की लॉगिन बंद. मास्टर पॉलिसी कपाटात असते ती एचआरच्या. शिवाय अनेक मालक स्वस्त दर मिळाला की विमा कंपनी बदलतात. पंधरा वर्षे एकाच ठिकाणी नोकरी केलेल्या माणसाचा विमा या काळात तीन-चार कंपन्यांकडे फिरून आलेला असू शकतो, आणि शेवटच्या कंपनीच्या दप्तरात तो गेल्या वर्षीचा नवा सदस्य ठरतो. आधीच्या वर्षांचा पुरावा त्याने कुठून आणायचा? पीएफच्या बाबतीत हा गोंधळ २०१४ मध्ये आलेल्या यूएएनने बऱ्यापैकी आवरला. मालक बदलला तरी क्रमांक सदस्याबरोबर राहतो. आरोग्य विम्याच्या सलगतेसाठी असे काही नाही. पोर्टिंगच्या वेळी जुन्या कंपनीने माहिती ७२ तासांत द्यावी आणि नव्या कंपनीने पाच दिवसांत निर्णय कळवावा, असे २९ मे २०२४ च्या मास्टर सर्क्युलरमध्ये आहे. पण ही देवाणघेवाण नावावर पॉलिसी असलेल्यासाठी आखलेली आहे.

अंडररायटिंगचा निकाल चार-पाच तऱ्हांनी लागतो. नियंत्रणात असलेला मधुमेह किंवा रक्तदाब असेल तर बहुधा पॉलिसी मिळते, ३६ महिन्यांच्या वेटिंग पीरियडसह किंवा प्रीमियमवर लोडिंग, म्हणजे जादा आकार, लावून. काही कंपन्या जास्त प्रीमियम घेऊन मधुमेह, रक्तदाब, दमा यांना महिनाभरानंतर संरक्षण देणारे रायडर विकतात. कुठे को-पे लावला जातो, म्हणजे प्रत्येक बिलातला ठरावीक हिस्सा रुग्णाने भरायचा. कर्करोग, पक्षाघात, किडनीचा जुना आजार, यकृताचा सिरॉसिस असे काही असेल तर बऱ्याचदा सरळ नकार येतो. २७ सप्टेंबर २०१९ च्या सूचनांनी यावर एक मधला तोडगा काढला होता : यादीतल्या ठरावीक गंभीर आजारांपुरते संरक्षण कायमचे वगळायचे, अर्जदाराची लेखी संमती घ्यायची आणि बाकी सगळ्यासाठी पॉलिसी द्यायची. अपस्मार असलेल्या माणसाला निदान डेंग्यूसाठी आणि अपघातासाठी विमा मिळावा, हा त्यामागचा शहाणा विचार. पण असा देकार अर्जदारापुढे ठेवणे कंपनीच्या मर्जीवर राहिले. १ एप्रिल २०२० पासून आलेल्या आरोग्य संजीवनी या प्रमाणित पॉलिसीचेही तेच झाले. अटी सर्वत्र सारख्या, को-पे सगळीकडे ५ टक्के, पण कोणाला घ्यायचे हे ज्या त्या कंपनीने ठरवायचे.

नकार लेखी आणि कारणासह द्यावा, असा नियम २०१६ पासून आहे. अर्जदाराच्या हातात पडते ते एका ओळीचे कारण : कंपनीच्या अंडररायटिंग निकषांनुसार प्रस्ताव स्वीकारता येत नाही. ते निकष अर्जदाराला दिसत नाहीत, त्यामुळे कशात बदल केला तर पुढच्या वेळी अर्ज मंजूर होईल हेही त्याला कळत नाही. एचबीए१सी, म्हणजे रक्तातल्या साखरेची सरासरी दाखवणारी चाचणी, साडेआठ म्हणून नकार आला की सातवर आणल्यावरही येणार होता?

दाद मागायची म्हटले तरी अडचण. विमा लोकपालांकडे ५० लाखांपर्यंतच्या तक्रारी जातात, त्यासाठी फी नाही, वकील लागत नाही, आणि निवाडा ३० दिवसांत पाळला नाही तर कंपनीने तक्रारदाराला दररोज ५,००० रुपये द्यावेत अशी तजवीज २०२४ मध्ये झाली आहे. पण लोकपालांपुढे येणाऱ्या तक्रारींची यादी क्लेम, प्रीमियम, पॉलिसीचा मजकूर आणि सेवा यांच्याभोवती फिरते. प्रीमियम घेऊन पॉलिसी न देणे त्या यादीत आहे. अर्ज नाकारून पैसे परत केले, की तक्रारीला सरळ असा मुद्दाच उरत नाही.

अशा वेळी एजंटचा सल्ला मोह पाडतो : ‘शुगरचं लिहू नका साहेब, तीन वर्षं काढा, मग कोण विचारतंय!’ या सल्ल्याने जितक्या कुटुंबांना बुडवले तितक्यांना वेटिंग पीरियडनेही बुडवले नसेल. डिस्चार्ज समरीत ‘गेली आठ वर्षे मधुमेह’ अशी एक ओळ असली की टीपीए मागचे केसपेपर मागवतो. सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये एका मेडिक्लेम प्रकरणात किडनीचा आजार आणि मधुमेह लपवल्याचे दिसल्यावर कंपनीने नाकारलेला क्लेम योग्य ठरवला. प्रपोजल फॉर्ममधल्या प्रश्नाचे खरे उत्तर देणे हे विमाधारकाचे कर्तव्य आहे, ही त्यातली भूमिका. उलट डिसेंबर २०२१ च्या निकालात याच न्यायालयाने कंपनीला जबाबदार धरले. परदेश प्रवासासाठी पॉलिसी घेताना त्या प्रवाशाने मधुमेह सांगितला होता, त्याची तपासणीही झाली होती. अमेरिकेत उतरल्यावर हृदयविकाराचा झटका आला आणि कंपनीने आधीच्या आजाराकडे बोट दाखवले. सांगितलेला आजार विचारात घेऊन एकदा पॉलिसी दिल्यावर त्याच आजाराचे कारण सांगून क्लेम फेटाळता येणार नाही, असे न्यायालयाने म्हटले. दोन्ही निकाल शेजारी ठेवले तर लिहून दिलेला आजार हीच विमाधारकाची सुरक्षा ठरते. ध्यानात ठेवण्याजोगी आणखी एक गोष्ट म्हणजे ३६ महिन्यांची व्याख्या वेटिंग पीरियडपुरती आहे. फॉर्ममध्ये ‘पूर्वी कधी शस्त्रक्रिया झाली आहे का’ असे विचारले असेल तर बारा वर्षांपूर्वीची शस्त्रक्रियाही लिहावीच लागते.

खाजगी बाजाराने नाकारलेल्यांपैकी काहींना सरकारी योजना सावरतात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचे संरक्षण १ जुलै २०२४ पासून दरवर्षी कुटुंबामागे ५ लाखांपर्यंत गेले आणि पांढरी शिधापत्रिका असलेलेही तिच्यात आले. आधीपासूनच्या आजाराचा प्रश्न तिथे विचारला जात नाही. पण उपचार योजनेच्या यादीतला हवा आणि रुग्णालय योजनेत सामील हवे. गोव्यात दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना आहे. ७० वर्षांवरील सर्वांना, उत्पन्न काहीही असो, २९ ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान भारतचे ५ लाखांचे संरक्षण मिळते. मुलाच्या कंपनीच्या विम्यातून बाहेर पडलेल्या आईवडिलांना त्याचा मोठाच आधार झाला. राज्य कामगार विमा योजनेत, म्हणजे महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्यांसाठी, पाच वर्षे विमापात्र नोकरी करून निवृत्त झालेल्याला वर्षाला अवघ्या १२० रुपयांत स्वतःसाठी आणि जोडीदारासाठी वैद्यकीय सेवा चालू ठेवता येते. राजीनामा देऊन गेलेल्याला ही सवलत नाही. एकंदरीत पन्नाशीतल्या मध्यमवर्गीय पगारदाराची गोची अशी, की कामगार विम्यासाठी तो जास्त कमावत होता आणि आयुष्मानसाठी अजून म्हातारा झालेला नाही.

हाच प्रश्न अमेरिकेला अधिक तीव्रतेने पडला होता, कारण तिथे काम करत्या वयातल्या बहुसंख्यांचा विमा मालकाकडूनच येतो. तिकडे स्थायिक झालेल्या अनेक मराठी कुटुंबांना ‘कोब्रा’ हा शब्द त्यामुळेच चांगला ठाऊक असतो. १९८६ मध्ये लागू झालेल्या या कायद्याने २० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या मालकाकडची नोकरी सुटल्यावर तोच ग्रुप विमा साधारणपणे १८ महिने चालू ठेवण्याचा हक्क दिला. मालकाचा हिस्साही स्वतःच भरावा लागतो, वर २ टक्के प्रशासकीय खर्च, त्यामुळे तो महाग पडतो. १९९६ च्या कायद्याने आणखी एक पाऊल टाकले : १८ महिने सलग विमा असलेला आणि शेवटी ग्रुपमधून बाहेर पडलेला माणूस वैयक्तिक विमा मागू लागला तर आजाराच्या कारणाने त्याला नाकारायचे नाही. आजारावरून नाकारणे आणि जास्त प्रीमियम लावणे सगळ्यांसाठी बंद झाले ते १ जानेवारी २०१४ पासून. नोकरीचा विमा गेल्यावर नवा निवडायला तिथे ६० दिवस मिळतात.

भारताने २०१४ ची अमेरिका व्हावे असे या पत्राचे म्हणणे नाही. सगळ्यांना घ्यायची सक्ती करायची तर सगळ्यांनी विमा घेतला पाहिजे; नाहीतर आजारी पडल्यावरच लोक विमा घेतील आणि प्रीमियम आभाळाला भिडेल. विमा कंपन्यांचा हा आक्षेप खरा आहे. पण ग्रुपमधून येणारा माणूस आजारी पडल्यावर विमा घ्यायला आलेला नसतो. तो निरोगी असल्यापासून विम्यात आहे आणि त्याचा प्रीमियम, त्याने भरलेला असो की मालकाने, वर्षानुवर्षे कंपन्यांकडे जमा झाला आहे. ‘नोकरीत असतानाच वेगळी वैयक्तिक पॉलिसी घेऊन ठेवा’ हा सल्ला बरोबरच आहे आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी गेल्याने तो थोडा स्वस्तही झाला आहे. मात्र एकाच आजारपणासाठी दोन विमे भरायचे, हे धोरण म्हणून सांगता येत नाही, आणि पंचविशीत हे कोणी न सांगितलेल्या माणसाला तर पन्नाशीत त्याचा काहीच उपयोग नाही.

म्हणून मागणी मर्यादित आहे. कोणत्याही एका किंवा अनेक विमा कंपन्यांच्या ग्रुप पॉलिसीत सलग ३६ महिने काढलेल्या सदस्याला, शेवटच्या ग्रुप पॉलिसीच्या कंपनीने आधीच्या विमा रकमेपर्यंत अंडररायटिंगशिवाय वैयक्तिक पॉलिसी द्यावी. ३६ महिने हा आकडा प्राधिकरणाचाच आहे. तेवढा काळ थांबल्यावर आजाराची जोखीम पॉलिसीत सामावते असे नियम मानतो, तर तो काळ थांबून झालेल्या सदस्याला ती जोखीम पुन्हा नव्याने लावण्यात तर्क उरत नाही. वाढीव रकमेसाठी कंपनीने हवी ती तपासणी करावी. लोडिंग लावायचे असेल तर त्याला प्राधिकरणाने कमाल मर्यादा घालावी. ज्येष्ठ नागरिकांच्या प्रीमियममध्ये वर्षाला १० टक्क्यांहून अधिक वाढ करण्यापूर्वी सल्लामसलत बंधनकारक करून जानेवारी २०२५ मध्ये अशा मर्यादेचा पायंडा प्राधिकरणाने पाडलाच आहे. यातून खर्च वाढेल, तर तो ग्रुप पॉलिसीच्या प्रीमियममध्ये सगळ्यांवर थोडा थोडा पसरवता येईल. मालकांना तो आवडणार नाही, पण कर्मचारी आजारी असताना बाहेर पडला म्हणून त्याची जोखीम नाहीशी होत नाही. ती आज एकट्या त्या कुटुंबाच्या डोक्यावर येते.

अर्जाची मुदत नूतनीकरणाच्या तारखेपासून न मोजता नोकरीच्या शेवटच्या दिवसापासून पुढे ६० दिवस अशी मोजावी आणि त्या काळात सलगता तुटली नाही असे धरावे. सदस्याचे नाव यादीतून कमी होताच विमा कंपनीने, मालकाच्या हातून नव्हे तर थेट त्याच्या मोबाइलवर आणि घरच्या पत्त्यावर, सलगतेचे प्रमाणपत्र पाठवावे. त्यात किती वर्षे, किती रकमेचा विमा, कुटुंबातले कोण कोण आणि आधीच्या कोणत्या कंपन्या, एवढे असले तरी पुरे. प्रत्येक कंपनीने वर्षभरात ग्रुपमधून वैयक्तिक पॉलिसीत येण्यासाठी किती अर्ज आले, किती मंजूर झाले, किती नाकारले आणि कोणत्या आजारांसाठी, ही आकडेवारी प्रसिद्ध करावी. क्लेम फेटाळण्यापूर्वी तो कंपनीच्या क्लेम पुनरावलोकन समितीपुढे जावा हा २०२४ चा नियम ग्रुपमधून येणाऱ्या अर्जाच्या नकारालाही लावावा, आणि लोकपालांच्या अधिकारकक्षेत या नकाराचा स्पष्ट उल्लेख व्हावा यासाठी केंद्र सरकारकडे शिफारस करावी. लोकपालांचे नियम केंद्र सरकार करते, त्यामुळे ही शेवटची गोष्ट एकट्या प्राधिकरणाच्या हातात नाही; बाकीच्या सगळ्यांसाठी एक परिपत्रक पुरेसे आहे.

कळावे,
एक विमाधारक